भाऊबीज लांबावी म्हणून

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी माझा भाऊ ओवाळून घ्यायला दारात येऊन उभा राहिला आणि मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

बाकीच्या बहिणी त्या दिवशी भावाची वाट पाहतात. आमच्याकडे उलटं आहे. दादा खडी गंमतीचा, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाचा, शाहीर. आमच्या जिल्ह्यात भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरायला लागते. मंडई म्हणजे दुकानं, पाळणे, लेकी-जावई, सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे, आणि दुपारी मैदानात गंमत. शाहीर उभ्यानं गातो. सोबत ढोलकी, टाळ, काखेत धरून वाजवायचा चोनका, लुगडं नेसलेला नाच्या आणि मागून सूर ओढणारे झीलकरी. आज या गावाला, उद्या त्या गावाला. त्यामुळे आमची भाऊबीज पंचांगात कधीच नसायची. दादाला पहिला मोकळा दिवस मिळेल तो आमचा. चांगल्या वर्षी ती कार्तिकी पौर्णिमेच्या पुढे जायची. आमची आई असेपर्यंत म्हणायची, "लांबू दे. लांबली म्हंजे पोराले काम हाये."

आणि तो भाऊबीजेलाच आला. इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्याचा डबा.

"का गा दादा, आज?"

"काहून? भाऊबीजेले भावानं येऊ नये का?"

"मंडई नाही का आज कुठं?"

"हाये न. लय ठिकाणी हाये." तो पाटावर बसला. "डीजे लावला म्हणते तिथं."

मी ओवाळलं. अनारशाचं पीठ मुरायला ठेवलेलं होतं, तळलेलं काही नव्हतं, कारण दादा इतक्या लवकर येईल असं घरात कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्याला चिवडा आणि चहा दिला. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाता खाता त्यानं सांगितलं की यंदा सुपाऱ्या फारच थोड्या आल्या आहेत. कार्यक्रम ठरवायला गाव आगाऊ रक्कम देतं, तिला सुपारी म्हणतात. पूर्वी खरोखरच हातावर सुपारी ठेवायचे आणि पैसे मागाहून द्यायचे. आता सुपारी गेली, नाव राहिलं.

"नाच्या जातो म्हणते नागपूरले, पोराकडं. कुठंतरी चौकीदारी हाये. तो गेला का गंमत कोणाले दाखवू? मी लुगडं नेसू का आता?"

"मग?"

"मग का. यंदाच्या मंडया सरल्या का साज वाटून टाकतो. ज्याची ढोलकी त्याले, ज्याचे टाळ त्याले."

एवढं बोलून त्यानं पुन्हा शेंगदाणा शोधला.

मला गंमतीचं फार वेड आहे असं कोणी समजू नये. लहानपणी घरात इतकी ऐकली की लग्न होऊन लाखांदूरला आले तेव्हा सगळ्यात आधी शांतता आवडली. पण मला एक वर्ष आठवत होतं. आजारामुळे सगळीकडे सगळं बंद होतं, मंडयाही बंद होत्या. त्या वर्षी वहिनीचा दिघोरीहून फोन आला होता, "बाई, तुमच्या दादाले चार दिवस तिकडं घेऊन जा. घरात आहेत अन् नाहीत." मी गेले तर दादा तलावाच्या पाळीवर बसलेला. दुपारपासून बसला होता. हात मांडीवर ठेका धरत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा हात थांबला. परत सुरू झाला नाही. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. सगळा खटाटोप त्यासाठी. कला वाचवायची वगैरे गोष्टी नंतर लोक म्हणाले.

माझं लाखांदूरला लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. शेती नवरा बघतो, दुकान मी. तुळशीचं लग्न झाल्याशिवाय माणसांची लग्नं लागत नाहीत, म्हणून मंडईच्या दिवसांत माझे कॅमेरे कपाटात बसलेले असतात. लांबच्या नातेवाइकांसाठी लग्न फोनवर थेट दाखवायचं काम मी आधीपासून करत होते. मी दादाला म्हटलं, गावातले लोक डीजेकडे गेले असतील, पण गाव सोडून गेलेले किती आहेत? पुण्याच्या कंपन्यांत आहेत, हैदराबादला बांधकामावर आहेत, सुरतेला आहेत. त्यांना मंडईला सुट्टी मिळत नाही. आपण गंमत त्यांच्याकडे पाठवू.

"फोनमंदी?" दादा म्हणाला. "एवढ्याशा डबीत मी मावतो का?"

"मावतोस. पोट आत घेजो."

पहिल्या मंडईत सगळं फसलं. नवरदेव-नवरी मंडपात एका जागी बसतात, गंमतवाले बसत नाहीत, हे मी विचारात घेतलं नव्हतं. मैदानाच्या कडेला नेट येई-जाई. दादाचं तोंड उघडं राहिलेलं चित्र तसंच गोठायचं, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, आणि भोंग्याच्या कर्कश्शपणात ढोलकी कुठे आहे तेच कळेना. खाली लोक एकच शब्द लिहीत होते, आवाज, आवाज, आवाज.

दुसऱ्या वेळी मी लग्नात वापरते तो बारका माईक दादाच्या सदऱ्याला लावला.

"हे ढेकूण माह्या छातीले कायले चिकटवून राहिली वो?"

त्या ढेकणानं दादाचा श्वास आणि नाच्याचे घुंगरू एवढंच पकडलं. मग मी तो काढला. एक माईक झीलकऱ्यांच्या डोक्यावर मंडपाच्या बांबूला टांगला, दुसरा ढोलकीसमोर जमिनीवर, खाली टॉवेलची घडी घालून. भोंग्यांची तोंडं आमच्याकडून वळवून घेतली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घेतली आणि नेटचा फोन उंच बांबूला बांधला. चित्र मुद्दाम थोडं हलक्या प्रतीचं ठेवलं, म्हणजे नेट कमी झालं तरी आवाज तुटायचा नाही. लग्नात लोकांना साडीचा काठ स्पष्ट दिसावा लागतो. इथे चित्र पुसट चालतं, पण शाहिराचा शब्द अर्ध्यावर तुटला की माणूस फोन ठेवून देतो. हे एवढं शिकायला मला तीन मंडया लागल्या.

मग मात्र लोक थांबायला लागले. थोडेच, पण गण सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत.

आता पैशाचं काय? चॅनलवर आपोआप जाहिराती येण्यासाठी जेवढे प्रेक्षक लागतात तेवढे आमच्या अख्ख्या जिल्ह्यातून गोळा झाले नसते. म्हणून मी तिकीट लावलं. पैसे भरा, मग दुवा उघडेल. पहिल्याच दिवशी तिकिटं इतकी कमी गेली की मला वाटलं काहीतरी बिघडलं. संध्याकाळी दुकानाच्या नंबरवर पुण्याहून एका मुलाचा फोन आला. कंपनीत कामाला होता.

"बाई, गजब दिसलं आज! आमी पुऱ्या खोलीनं पायलं."

"म्हणजे किती जणांनी?"

"बाजूच्या खोलीवालेबी होते न. भिंतीवर पांढरी चादर लावली, मोठं करून पायलं. फक्त ते नाच्या लय कडेले जाते, त्याले मधात ठेवत जा."

एका तिकिटावर दोन खोल्या, आणि वर सूचना. मी दादाला तणतणत सांगितलं तर तो हसायला लागला.

"मंडईले कधी तिकीट होतं का वो? आला तो बसला. तू मैदानाले दरवाजा लावाले निघाली."

ते मला पटलं. तिकीट काढून टाकलं आणि लाखांदूरच्या दुकानदारांकडे गेले. साडीवाले तयार झाले. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे तयार झाले. त्यांच्या जाहिराती मी स्वतः बनवल्या. प्रश्न होता, दाखवायच्या कधी? गाण्याच्या मधात नको, वगाच्या मधात नको. उरला बक्षिसाचा वेळ.

गंमत रंगात आली की प्रेक्षकांतला कोणीतरी उठतो आणि नाच्याच्या हातात नोट देतो. कानात नाव-गाव सांगतो. शाहीर गाणं थांबवतो, नोट कपाळाला लावतो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो की अमक्या गावच्या अमक्याकडून, नातू झाल्याबद्दल, किंवा वारलेल्या वडिलांच्या नावानं, मंडळाला बक्षीस, मंडळ आभारी आहे. देणारा जिथे उभा असेल तिकडे वळून वाकून नमस्कार करतो. मग दुसरा उठतो. कधी कधी गाण्यापेक्षा बक्षीस जास्त वेळ चालतं. लहानपणी मी याच वेळात पाळण्यात बसून यायची. माझा हिशेब साधा होता. या वेळात काही घडत नाही, परगावचा माणूस कंटाळून निघून जाणार, तर तेवढ्यात जाहिरात दाखवू. मंडळातही कोणी हरकत घेतली नाही. नाच्याला तर आनंद झाला. तो म्हणाला, "बरं झालं. तेवढ्यात मी बिडी ओढून घेतो, फोनवाल्यांले दिसत नाही."

दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या त्याच मुलाचा फोन. या वेळी सूर वेगळा.

"बाई, तुमाले मनाई केली का कोणी?"

"कशाची?"

"काल माह्या मोठ्या भावानं मंडईत बक्षीस देल्लं. माह्या नावानं. मले प्रमोशन भेटलं म्हणून. त्यानं आधी फोन करून सांगतलं, पाय म्हणून. मी पुरी खोली बसवली. अन् शाहिरानं तोंड उघडलं का तुमी ट्रॅक्टर दाखवला."

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"नावाच्या टायमाले ट्रॅक्टर! मले सांगा बाई, मी ट्रॅक्टरले का करू? पुण्यात?"

"अरे, पण ते बक्षिसाचं ऐकायला तुम्हाला..."

"गाणे तं मोबाईलमंदी पायजे तेवढे आहेत. आमी नावं आयकाले बसतो."

फोन ठेवल्यावर मी आधीच्या कार्यक्रमांचे आकडे काढून बसले. त्या त्या मिनिटाला किती लोक बघत होते ते दिसतं. मी आजवर ते बघितलंच नव्हतं. बक्षीस सुरू झालं की लोक कमी होत नव्हते. वाढत होते. कोणीतरी कोणाला तरी फोन करून सांगत असणार, लाव लवकर, नावं सुरू झाली.

साडीवाल्यांची जाहिरात सुरुवातीला नेली, ट्रॅक्टरवाल्यांचे पैसे परत केले. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पैसे पाठवायचा क्यूआर कोडचा चौकोन लावला. बक्षीस पाठवा, सोबत नाव, गाव आणि कशाबद्दल ते लिहा. यात डोकं चालवण्यासारखं काहीच नव्हतं. जे मैदानात चाललं होतं तेच फोनवर.

दादानं साफ नाही म्हटलं.

लाखांदूरजवळच्याच एका गावी, मंडपाच्या मागे, आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनीनं डब्यात भात आणि वांग्याची भाजी दिली होती.

"बक्षीस हातातून हातात येते," तो म्हणाला. "नोट कपाळाले लावतो, माणसाले हात जोडतो. इथं नोट नाही अन् माणूसबी नाही. मी कोणाले वाकू? बांबूले?"

"कॅमेऱ्याला वाक."

"ते तुह्या शूटिंगच्या नवरदेवाले सांगजो."

"दादा, पैसे खरे येतात त्यातून. नाच्याला थांबवायचं आहे ना तुला? तुला पैसे पाहिजे की माणूस?"

"माणूस."

नाच्या शेजारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून जेवत होता. तो भाताचा घास गिळून म्हणाला, "शाहीर, मले तं दोनीबी चालते."

दादा हसला नाही. हट्टीपणा आमच्या घरात बरोबर अर्धा अर्धा वाटलेला आहे, म्हणून मी विषय सोडला आणि चौकोन तसाच ठेवला.

दुपारच्या कार्यक्रमात मैदान अर्धं भरलं होतं. भाताचं तणस पसरून लोक बसले होते, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. गवळण संपता संपता माझ्या फोनवर पहिलं बक्षीस आलं. पुण्याच्या त्याच मुलाचं. स्वतःचं नाव, गाव आंधळगावजवळचं, आणि पुढे लिहिलं होतं, माय मावशीकडे मंडईले आली आहे, तिच्या नावानं.

मी सरळ मैदानात गेले. शाहिराची बहीण अशी मधात घुसलेली लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. फोन दादासमोर धरला.

"वाच."

"नाही म्हटलं न."

"तू नाही वाचलं तर मी वाचते. माईक चालू आहे."

माईक खरंच चालू होता. सगळ्या मैदानानं आमचं भांडण ऐकलं आणि पुण्यानंही. दादानं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि फोन हातात घेतला. नाव वाचलं, गाव वाचलं. "पुण्याहून" म्हटल्यावर लोकांनी माना वळवल्या. मग तो मायच्या नावापाशी आला आणि थांबला. फोन तसाच हातात धरून त्यानं बायांच्या बाजूला नजर फिरवली.

"हे माय इथं हाये का? यायच्या घरचं कोणी हाये का?"

बायांत गडबड झाली. "ऊठ वो, ऊठ! तुह्या पोराचं नाव घेतलं शाहिरानं!" एक म्हातारी बाई, निळं नऊवारी, डोक्यावर पदर, दोघींनी काखेत हात घालून उभी केली. तिला वाटलं असावं की मुलानं काहीतरी केलं आहे. घाबरून इकडे तिकडे पाहत होती.

दादा चालत तिच्यासमोर गेला. नोट नव्हती, म्हणून त्यानं माझा फोन कपाळाला लावला. मग फेटा जमिनीला टेकेल इतका वाकला. असा वाकलेला मी त्याला फक्त आईसमोर पाहिला होता.

"माय, तुह्या लेकाचं बक्षीस पोचलं. मंडळ आभारी हाये."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि विचारलं, "जेवला का तो?"

मैदान हसलं. दादा हसला नाही. तो वळला, मैदान ओलांडून बांबूजवळच्या कॅमेऱ्याच्या स्टँडपाशी आला, आणि ज्या कॅमेऱ्याला वाकणार नव्हता त्याच्यात तोंड घालून म्हणाला, "माय इचारून राहिली गा. जेवला का?"

आता गोष्ट अशी आहे की थेट म्हटलं तरी ते अगदी थेट नसतं. इथलं पुण्याला पोचायला आणि तिथलं लिहिलेलं इथे दिसायला वेळ लागतो. मी म्हटलं, "थांबा, येईल उत्तर." आणि ते सगळं मैदान थांबलं. पाळणेवाल्याचा भोंगा तेवढा चालू होता. ढोलकीवर हात ठेवून माणूस बसला होता. म्हातारी उभीच होती. मी वर नेटच्या फोनकडे पाहिलं. नेट गेलं तर?

मग अक्षरं आली. मी मोठ्यानं वाचलं, "हो माय. जेवलो. भात अन् वरण."

"भाजी नाही केली का?" म्हातारी म्हणाली.

पण तोपर्यंत ढोलकी वाजली होती. दादानं तिथल्या तिथे "जेवला गा, जेवला गा" असा सूर धरला, झीलकऱ्यांनी तो ओढला, नाच्यानं म्हातारीभोवती गिरकी घेतली, आणि ती पदरात तोंड लपवून खाली बसली. त्या दिवशी फोनवर आलेली सगळी नावं दादानं वाचली. प्रत्येक नावाला आधी विचारायचा, यायच्या घरचं कोणी हाये का? कोणी ना कोणी असायचं. मामी, चुलता, शेजारी, शाळेतला सोबती. एकाचं कोणीच निघालं नाही, तेव्हा नाच्या पुढे झाला. "मी हावो न त्याची बायको," म्हणून त्यानंच नमस्कार घेतला.

त्यानंतर मी दुसरा फोन आणला आणि तो प्रेक्षकांकडे तोंड करून लावला. इतकी वर्षं लग्नं शूट करून हे मला आधी सुचायला हवं होतं. लग्नाची कॅसेट घरी नेल्यावर लोक नवरी किती वेळ बघतात? स्वतःला शोधतात. आता खाली वेगळ्याच फर्माइशी यायला लागल्या. डावीकडे फिरवा, काका दिसून राहिले. लाल फेट्याच्या मागं कोण बसलं? भज्याच्या दुकानाकडे जरा दाखवा. एका बाईनं हैदराबादहून लिहिलं की आमच्या घराची भिंत दिसते त्यात, तिथेच राहू द्या थोडा वेळ. मी राहू दिला. शाहीर एका कोपऱ्यात लहान दिसत होता आणि मोठ्या चित्रात भिंत. कोणाची तक्रार आली नाही.

बक्षिसाची वाटणी दादा पूर्वीपासून सगळ्यांना सारखी करत आला होता. त्या संध्याकाळी त्यानं एक वाटा जास्त काढला आणि माझ्या पर्समध्ये कोंबला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "चूप बैस. मंडळात राहाचं तं वाटा घ्या लागते." मी घेतला. नेटचा खर्च माझाच होत होता.

तरीही साज वाटायचं मागे पडलं असं झालं नव्हतं. बक्षिसावर जीपचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी निघायची, पण पुढच्या वर्षी मैदानात उभं राहायला कोणीतरी बोलवावं लागतं. सुपारी नसेल तर बक्षीस कुठून येणार? नाच्यानं नागपूरला कळवून टाकलं होतं की मंडया संपल्या की येतो. दादा त्याबद्दल काही बोलत नव्हता. कार्यक्रमाच्या आधी नाच्याच्या कपाळाला टिकली तो स्वतः लावून द्यायला लागला होता, एवढं मी पाहिलं. पूर्वी कधी लावायचा नाही.

शेवटची मंडई दादाच्या गावी, दिघोरीलाच होती. कार्यक्रम संपला, लोक उठले, मी वायर गुंडाळत होते. एसटीतून उतरून एक बाई मंडपाकडे येताना दिसली. निळं नऊवारी. तीच. तिच्या गावाहून दिघोरी म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, दोनदा गाडी बदलून.

"सरली का गंमत?" तिनं मला विचारलं.

"सरली माय. थोडा उशीर झाला तुम्हाला."

"गंमत पायले नाही आली." ती दादाकडे गेली. दादा फेटा उतरवून घाम पुसत होता, त्यानं घाईनं तो परत डोक्यावर ठेवला. म्हातारीनं पदराची गाठ सोडायला सुरुवात केली. गाठ पक्की होती, नाच्यानं दातानं सोडवून दिली. आत एक सुपारी होती.

"आमच्या गावची पोरं हायेत न पुण्याले, सगळे एका ठिकाणी राह्यते," ती म्हणाली. "त्यायनं गावच्या कमिटीले फोन केला. डीजे तं इथं रोजच आयकतो म्हणे, खिडकीखाली. पुढच्या साली आमच्या मंडईत गंमत ठेवा, खर्च आमी पाठवतो. पैसे त्या फोनमंदून येतीन तुमाले. मंग मी पोराले म्हटलं, बापा, पैसे फोनमंदून जाते तं जाऊ दे. सुपारी तं हातानंच द्या लागते."

दादानं दोन्ही हात पुढे केले. सुपारी घेतली आणि कपाळाला लावली. म्हातारी म्हणाली, "येजा न पण. त्यायनं सुट्टी मागतली हाये."

"येतो माय."

नाच्या लुगड्याचा काष्टा सोडवत मागे उभा होता. "आता नागपूरले का सांगू?" तो हळूच मला म्हणाला.

"सांग, सुपारी घेतली. येता येत नाही."

"पोरगा चिडन."

"चिडू दे. लाइव्ह लावून देऊ त्याला."

त्या रात्री म्हातारी वहिनीकडेच राहिली. सकाळी मी दिघोरीहून निघाले तेव्हा दादा ओसरीत बसून ढोलकीच्या दोऱ्या सैल करत होता. दर वर्षी मंडया संपल्या की चामडं ताणलेलं राहू नये म्हणून तो त्या सैल करतो आणि ढोलकी खुंटीला टांगतो. टांगली. ज्याची त्याला दिली नाही.

हे मागच्या वर्षीचं. त्यानंतर आणखी दोन गावच्या पोरांनी तसंच केलं. सगळं सुरळीत आहे असं नाही. नेट अजून दगा देतं, एका मैदानात बांबू पडून माझा फोन फुटला, आणि पुण्याचा मुलगा अजूनही दर आठवड्याला सूचना करतो. नाच्याचे गुडघे दुखतात. तो म्हणतो, अजून एक साल. मागच्या सालीही सुपारी घेतल्यावर तेच म्हणाला होता.

यंदा भाऊबीजेला मी आणि दादा दिवसभर एकाच मैदानात होतो, तो गात होता आणि मी फोन सांभाळत होते. खाली कोणीतरी लिहिलं, बाई, आज भाऊबीज, शाहिराले ओवाळलं का नाही? मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "इथं नाही. घरी येऊनच घेईन. पाटावर बसून." कधी येणार ते विचारलं तर त्यानं बोटं मोजली, मग मोजायची सोडून दिली आणि गणासाठी उभा राहिला.

पौर्णिमा होऊन गेली. अनारशाचं पीठ डब्यात मुरतं आहे. ते टिकतं, तळायची घाई नाही.